अंडरग्राउंड मेटल: अल्बम सुचवावा कसा, खोट काढावी कशी

कुणाला अंडरग्राउंड मेटलचा, म्हणजे ब्लॅक मेटल, डेथ मेटल अशा जड, कर्कश रॉक संगीताचा, अल्बम सुचवण्याआधी एकच विचारा: तू रोज काय ऐकतोस? बहुतेक जण हे न विचारता स्वतःचा लाडका अल्बम पुढे करतात. समोरचा दोन मिनिटांत हेडफोन काढतो आणि ब्लॅक मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा, हे त्याच्या डोक्यात कायमचं बसतं. एक चांगला श्रोता गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझं इंदूरात महाराणी रोडला ॲम्प्लिफायर-स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलावर सोल्डरिंग चालू असतं तेव्हा मागे हेच संगीत लागलेलं असतं. माझा भाचा ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. त्याला मी गिटारसाठी ऐकायचा अल्बम दिला नाही, मॉर्बिड एंजल या डेथ मेटल बँडचा १९८९चा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' दिला आणि सांगितलं, फक्त ड्रम ऐक, बाकीचं सोडून दे. त्यातल्या ड्रमर पीट सँडोव्हलचे दोन पाय ऐकून तो म्हणाला, "मामा, हा माणूस श्वास कधी घेतो?" आता गिटार त्याची तोच ऐकतो, मला सांगावं लागत नाही.

राजेंद्र नगरला आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांच्याकडे उस्ताद अमीर खां यांच्या रेकॉर्डी आहेत, आणि अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झुमरा ताल अर्धा-अर्धा तास ऐकायची त्यांना सवय. अशा कानाला ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान मारा, देऊन काय होणार? त्यांना मी फिनलंडच्या थेर्गोथॉन बँडचा १९९४चा 'स्ट्रीम फ्रॉम द हेवन्स' ऐकवला. डेथ मेटलचाच खर्जातला आवाज, पण चाल इतकी संथ की दोन ठोक्यांमध्ये माणूस वाट बघत बसतो. काकांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. मग म्हणाले, "दम आहे रे. पण सम कुठे येते ते दाखव." आम्ही परत लावलं आणि रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल, जिथे फिरून मूळ जागी येते ती जागा शोधली. तेव्हापासून कुठलाही अल्बम तपासताना मी आधी हेच बघतो: रिफ परत येते तेव्हा घरी आल्यासारखं वाटतं का? की एकामागून एक तुकडे नुसते चिकटवलेत? कच्च्या डेथ मेटलची खोट नव्वद टक्के वेळा इथेच सापडते.

आता टीका. एकदा ऐकून मत देऊ नका. मी तीनदा ऐकतो. पहिल्यांदा स्पीकरवर, हातात काही न घेता. दुसऱ्यांदा हेडफोनवर, वही घेऊन, वेळ टिपत. तिसऱ्यांदा रात्री दुकान बंद करून सराफा बाजाराकडे चालत जाताना. चालताना जी रिफ पावलांना पकडते, ती खरी. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना आपोआप गुणगुणली गेली, तर त्या बँडकडे काहीतरी आहे.

सगळ्यात अवघड भाग ध्वनिमुद्रणाचा. नॉर्वेच्या डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल बँडचा १९९४चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' चार ट्रॅकच्या घरगुती मशिनवर झालाय. सगळी वाद्यं बँडमधल्या फेनरिझने एकट्याने वाजवलीत, बेस जवळपास ऐकूच येत नाही, ड्रम एकाच चालीत पुढे जात राहतात. याला 'खराब रेकॉर्डिंग' म्हणणाऱ्या माणसाने तो ऐकलेलाच नाही. त्या एकसुरीपणातून थंडी उभी राहते. तेच ड्रम लख्ख केले तर गाणं मरेल. उलट स्वीडनच्या एन्टूम्ड बँडचा १९९०चा 'लेफ्ट हँड पाथ' घ्या. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओतला तो करवतीसारखा गिटारचा आवाज बॉस एचएम-२ या पेडलचा (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची डबी), सगळी बटणं पूर्ण फिरवून काढलेला. असं एक पेडल मी उघडून दुरुस्त केलंय. त्याचं सर्किट साधारण एक किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग जबरदस्त उचलतं. आज शेकडो बँड तोच आवाज लावतात. म्हणून आवाज ओळखीचा निघाला की लगेच खूश होऊ नका. पेडल काढून टाकलं तर खाली रिफ उरते का, ते तपासा.

'रॉ' (कच्चा) हा शब्द सबब म्हणून कुणी वापरला तर सोडायचं नाही. कच्चेपणातून काही उभं राहत असेल तर ती निवड. नुसतं ऐकू येत नसेल तर ती खोट.

पण खोट काढण्याआधी आपली यंत्रणा तपासा. एका मुलाने त्याच्या बँडचा डेमो पाठवला होता. मी कळवलं, मागे सतत घूंऽऽ आहे, मिक्स (सगळ्या आवाजांचा मेळ) नीट करा. त्या पोराने दोन रात्री जागून फाइल शोधली, काही सापडेना. शेवटी कळलं, माझ्याच टेबलावरच्या ॲम्पचं अर्थिंग सुटलेलं, पन्नास हर्ट्झची गुणगुण माझ्याकडून येत होती. मी फोन करून माफी मागितली. तेव्हापासून तक्रार लिहिण्याआधी मी दुसऱ्या हेडफोनवर, फोनला थेट लावून, ऐकतोच.

लिहिताना 'ब्रूटल', 'जबरदस्त', 'वातावरण भारी' हे शब्द बाजूला ठेवा. त्यातून वाजवणाऱ्याला काही मिळत नाही. त्याच मुलाला नंतर मी असं लिहिलं: "दुसऱ्या गाण्यात ३:४०ला संथ भाग येतो तो उत्तम, पण त्याआधी तीच रिफ आठ वेळा वाजते, पाचव्यापासून माझं लक्ष उडालं. स्नेअर गिटारखाली गाडला गेलाय, ब्लास्ट सुरू झाल्यावर फक्त झांज ऐकू येते. किक प्रत्येक ठोक्याला अगदी सारखा वाजतो, ट्रिगरचा आवाज कमी कर, पायाचा खरा आवाज थोडा मिसळ. गळा चांगला आहे, पण सगळीकडे एकाच उंचीवर." (स्नेअर म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, ट्रिगर म्हणजे ठोक्याला जोडलेला तयार आवाज.) गळ्यासाठी त्याला डेमिलिच बँडचा १९९३चा 'नेस्पिथे' ऐकायला सांगितला. कसलाही इफेक्ट न लावता माणूस किती खाली जाऊ शकतो, ते त्यात कळतं.

आपली पोरं आहेत म्हणून हात सैल सोडू नका. इंदूरात निकोटीनसारखा बँड २००६मध्ये सुरू झाला, कोलकात्याचा टेट्राग्रामासाइड बाहेरच्या देशांत ऐकला जातो. आपल्याकडचा बँडही त्याच फूटपट्टीने मोजला जावा, यातच त्यांचा मान आहे.

आणि ब्लॅक मेटल सुचवताना एक गोष्ट लपवायची नाही. नॉर्वेच्या बुर्झुम या एकट्याच्या बँडच्या वर्ग विकर्नेसने १९९३ साली मेहेम बँडचा गिटारवादक युरोनिमस याचा खून केला, त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याचे वंशवादी विचार जगजाहीर आहेत. बुर्झुमने या संगीताला काय दिलं ते मी सांगतो, पण हे आधी सांगतो. ऐकायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. नव्या बँडच्या गीतांत वंशद्वेष दिसला तर मी तो कुणालाच देत नाही, रिफ कितीही चांगली असो. भाच्याला तर नाहीच.

त्या मुलाचा नवा मिक्स परवा आला. रिफ आता चारदाच वाजते आणि ३:४०चा भाग तीन मिनिटांच्या आतच येतो. स्नेअर अजून खालीच आहे. आज रात्री सराफ्याच्या वाटेवर तिसऱ्यांदा ऐकायचाय.