बेण्णी ब्याडरी, एण्णी हाकरी: बेळगावात दूध-तुपाविना बाहेर जेवताना

आमच्या वडगावच्या घरी म्हैस होती. एकदा रेडकू मेलं, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते धारेच्या वेळी तिच्यापुढं ठेवायचे. ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची. ते दृश्य माझ्या मनातनं गेलंच नाही. नऊ वर्षांपूर्वी मी दूध, दही, तूप, लोणी, अंडं, मध सगळं सोडलं. याला व्हीगन म्हणतात हे मागाहून कळलं. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला.

पण हॉटेलात तो शब्द काढू नका. "प्युअर व्हेजच आहे की ताई," असं उत्तर येतं आणि ते मनापासून येतं. हिरव्या ठिपक्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. व्हीगनची वेगळी खूण २०२२च्या नियमांनी आली, पण ती पाकिटावर. ताटातल्या भाजीला विचारावंच लागतं, आणि एकेका जिनसाचं नाव घेऊन.

बेळगाव शहरात मराठी चालतं. गोकाक, अथणी, बैलहोंगलकडं मात्र कन्नड हवंच. हालु म्हणजे दूध, मोसरु दही, मजिगी ताक, तुप्प तूप, बेण्णी लोणी, तत्ती अंडं. पुढं 'ब्याडरी' लावलं की 'नको हो'. एण्णी म्हणजे तेल, आणि इथंच घोटाळा होतो. एका हॉटेलात मी "डोशाला एण्णी हाकरी", म्हणजे तेल घाला हो, असं म्हणाले. गर्दीत त्या पोरानं बेण्णी ऐकलं, आणि डोशावर लोण्याचा गोळा वितळत माझ्यापुढं आला. डोसा परत गेला, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी आधी "बेण्णी ब्याडरी" म्हणते, मग "एण्णी हाकरी", आणि शेवटी मराठीत "तेलावर हं" असंही सांगते.

नवख्या माणसाला मी आधी खानावळीतच नेते. लिंगायत खानावळीचं ताट बघा. जोंधळ्याची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, मटकीची किंवा मुगाची उसळ, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, कच्चा कांदा, मेथीची कोवळी पानं. भाकरीत पीठ, पाणी, मीठ. वांग्यात दाण्याचं कूट, तीळ, मसाला, आणि नावातच एण्णी. गरम भाकरी मोडून त्या वांग्याचं तेल टिपून घ्यायचं, वर चिमूटभर कारळ्याची चटणी; यापेक्षा चांगलं जेवण मला कुठं मिळालेलं नाही. सांभाळायचं ते वाढताना. काही ठिकाणी भाकरीवर न विचारता लोणी येतं, चटणीत दही कालवून देतात, आमटीला तुपाची फोडणी असते. बसल्या बसल्या वाढप्याला सांगा. साडेबाराच्या आत गेलात तर तो नीट ऐकतो. दीडला त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो.

उडुपी हॉटेलात इडली आणि तेलावरचा डोसा बिनधास्त, नीर डोसा असेल तर फारच छान. खोबऱ्याच्या चटणीत दही आहे का ते विचारा, सांबाराबद्दलही विचारून घ्या. रवा इडलीत दही असतंच, रवा डोशात बहुतेकदा ताक, बिसिबेळे भातावर तूप. चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, चालतं.

पंजाबीत नान टाळा, त्याच्या पिठात दही किंवा दूध असतं. तंदुरी रोटी बटर न लावता मागा. काजूची ग्रेव्ही म्हणाले तरी वरून क्रीम पडतं.

परदेशी पदार्थांत मला सगळ्यांत सोपं वाटतं ते लेबनीज. हमूस म्हणजे काबुली चणे, तीळ, लिंबू, लसूण, ऑलिव्ह तेल. फलाफल म्हणजे चण्याचे वडेच. सोबतचा पांढरा सॉस तेवढा बाजूला ठेवायला सांगा, त्यात दही किंवा मेयोनीज असतं. चायनीजमध्ये तीन प्रश्न: नूडल्सच्या पिठात अंडं आहे का, ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस घालता का, कढई वेगळी आहे का. हनी चिली पोटॅटोत मध असतो, नावच सांगतं. थाई करी नारळाच्या दुधाची म्हणून मी एकदा निर्धास्त बसले होते, पण तिच्या वाटणात बहुतेकदा आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते आणि वर फिश सॉस. नुसतं "चिकन नको" म्हणून भागत नाही. पिझ्झा चीज न घालता, भाज्या जास्त घालून मिळतो. बेसमध्ये दूध पावडर आहे का ते विचारा. पास्ता टोमॅटो किंवा लसूण-तेलाचा घ्या. पेस्टो या हिरव्या सॉसमध्ये चीज असतं.

गोडाचं मात्र अवघड आहे. कुंदा दुधाचा, मांड्यात खवा, गोकाकच्या करदंटात, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याच्या वडीत, तूप. पाहुण्यांसोबत असले की मी शेंगदाणे-गुळाचे लाडू, आमच्याकडच्या पंचमीच्या शेंगा उंड्या, पिशवीत घेऊनच जाते आणि सगळ्यांना देते. त्यांना तूप लागतच नाही, गुळाच्या पाकानं वळतात. आणि खानावळीत दह्याची वाटी परत देताना तिच्या बदल्यात शेंगाचटणी मागा. देतात.