बॅग भरण्याआधी पॉलिसी उघडा

दादाला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, 'मेडिक्लेम आहे की!' म्हणून सांगते, टॉवेल-साबणाच्या आधी पॉलिसीची पूर्ण वही काढा. एजंटने दिलेलं एकपानी कार्ड कामाचं नाही. वहीत 'एक्स्क्ल. 12' (एक्स्क्लूजन, म्हणजे वगळणी) शोधा. दारू, ड्रग्ज किंवा कुठल्याही व्यसनाचे उपचार आणि त्यांचे परिणाम वगळणारं कलम बहुतेक पॉलिसींत याच क्रमांकाखाली असतं. 'परिणाम' हा शब्द पुन्हा वाचा. यकृताचं बिलही त्यातच अडकतं.

गंमत अशी, की 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीला मानसिक आजारात धरतो आणि विमा कंपन्यांना अशा आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायला सांगतो. कायदा एक म्हणतो, वही दुसरंच. म्हणून 'यातलं काय मिळेल?' हे कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर छापून फाइलला लावा. फोनवरच्या 'हो हो, होईल'वर विसंबू नका. ऑफिसचा ग्रुप विमा असेल तर एचआरकडून त्याच्या अटी वेगळ्या मागवा, तिथे कधी कधी वगळणी सैल असते.

केंद्राला दोन गोष्टी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, आणि रात्री डॉक्टर असतो का. दारू एकाएकी सुटली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो.

आता अवघड भाग. कॅज्युअल्टीत केस पेपर लिहिताना काकांनी हळूच म्हटलं, 'डॉक्टर, दारूचं लिहू नका, क्लेम जाईल.' डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रोज किती आणि शेवटचा पेग कधी, हे कळल्याशिवाय औषधाचा डोस ठरत नाही. तिथे खरंच सांगा, क्लेम गेला तर जाऊ दे.

पैशाची सोय मात्र आधीच करा. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी केंद्रं पाहा. जवळचं केंद्र 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येतं. क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा, आधी कंपनीकडे तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. यासाठी डिस्चार्ज समरी, मूळ बिलं आणि ते ईमेल एकाच फाइलमध्ये ठेवा. आमची फाइल अजून कपाटात आहे, वर काकांच्या अक्षरात लिहिलंय, 'दादा – इतर'.