सोमालियाची मुलं उतरायला आली तर: मुरुडच्या एका खोलीवाल्याचा अनुभव

मुरुडला आमच्या वाडीत तीन खोल्या आणि मागची पडवी आहे. पुण्यात शिकणारी आफ्रिकन मुलं सुट्टीत जंजिरा बघायला येतात. आमच्या आळीतले दुसरे खोलीवाले आता विचारायला लागलेत, "तुमच्याकडे ती पोरं राहून गेली ना, काय काय बघावं लागतं?" म्हणून लिहूनच काढतो. यातलं बरंचसं चुकून शिकलोय.

आधी नोंदवही. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची, त्यात कसूर नको. पण आडनावावर अडून बसू नका. सोमाली माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, बापाचं आणि आजोबाचं, आडनाव नसतंच. पासपोर्टवर आहे तसं उतरवून घ्या. मी मात्र सवयीनं "आडनाव काय, आडनाव काय" करत बसलो. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. "कोणातले तुम्ही?" हा प्रश्न त्यांच्याकडेही आहे, फक्त तिथे तो कुळाचा असतो. तो तर विचारूच नका.

मग खोल्यांची वाटणी, आणि इथेच माझं चुकलं. पाचजण आले होते. एक खोली आधीच गेलेली, म्हणजे उरल्या दोन. त्यांच्यातल्या चष्मेवाल्यानं फटाफट ठरवलं: दोघे इकडे, दोघे तिकडे, आणि टोपीवाला मागच्या पडवीत. मी म्हटलं, त्यांचं ते बघतील. गादी टाकून दिली. रात्री जेवताना ते त्याला "जरीर" म्हणून हाक मारत होते. मला वाटलं टोपणनाव. सकाळी किटली घेऊन गेलो आणि मोठ्या कौतुकानं ओरडलो, "जरीरभाई, चाय!"

सगळे गप्प. टोपीवाल्यानं कप घेतला, थँक्यू म्हणाला, पण वर बघितलं नाही. त्यांच्यातलाच एक उंच मुलगा चष्मेवाल्याला त्यांच्या भाषेत खडसावून काहीतरी बोलला. बायको आतून म्हणाली, "तुम्ही काहीतरी घाण बोललात."

जरीर म्हणजे राठ, कुरळ्या केसांचा. जिलेअ म्हणजे मऊ केसांचा. वरवर केसांची गोष्ट, पण पहिल्या शब्दाला 'गुलामांचे वंशज' हा वास चिकटलेला आहे. काही जण आता तोच शब्द उचलून स्वतःला 'जरीरवेन' म्हणवून घेतात, ताठ मानेनं. पण ते त्यांनी म्हणायचं. आपल्याकडेही अशी जातींची नावं आहेत, ज्याची त्यानं घेतली तर ठीक, दुसऱ्यानं घेतली की शिवी. म्हणून पाहुण्याला त्याचे सोबती काय म्हणतात ते ऐकून तसं म्हणू नका. "तुम्हाला काय म्हणू?" असं त्यालाच विचारा.

बाकीचं मला राजपुरीच्या जेटीवर कळलं. शिडाची होडी भरायची होती, माफी मागून झाली होती, आणि टोपीवाला हळूहळू बोलता झाला. त्याचे पूर्वज आजच्या टांझानियाकडचे, झिगुआ जमातीचे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारमार्गे टांझानिया, मोझांबिक, मलावीकडची माणसं सोमाली किनाऱ्यावर नेऊन विकली गेली, शेबेले आणि जुबा नद्यांकाठच्या शेतांवर राबायला. जे निसटले त्यांनी जुबाच्या रानात गावं वसवली. त्या भागाला गोशा म्हणतात, म्हणजे रानच. त्याच्या घरात आजही झिगुआ बोलतात. झिगुआंसारख्या जमातींच्या मोठ्या गटाला बांटू म्हणतात. शेबेलेकाठी काही बांटू शेतकरी तर गुलामांच्या व्यापाराच्याही आधीपासून आहेत, म्हणजे सगळेच विकून आणलेले असंही नाही. पुढे इटालियन आले, त्यांनी मळ्यांवर वेठीला धरलं तेही याच लोकांना. धर्म यांचा आणि बाकीच्या सोमालींचा एकच, सुन्नी मुसलमान. नमाज एका रांगेत पढतात, पण बाकीचे यांना मुलगी देत नाहीत. हे ऐकून मी मान डोलावली. मला त्यात नवल काहीच वाटलं नाही.

१९९१ मध्ये सरकार कोसळलं. ज्याच्या मागे हत्यारबंद कुळ, तो तगला. यांच्या मागे कुणीच नव्हतं आणि कणग्या मात्र भरलेल्या. सगळ्यांनी लुटलं. हजारो जण चालत केनियात, दादाबच्या छावण्यांत गेले. 'सोमाली बांटू' हे नावही रूढ झालं ते याच काळात, मदत संस्थांच्या कागदांवरून. पुढे अमेरिकेनं १२ हजारांच्या आसपास माणसं नेली. झिगुआंपैकी काहींना टांझानियानं घेतलं आणि नागरिकत्वही दिलं. आणि देशात सत्तेची वाटणी ठरली तेव्हा, २००० मध्ये, चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. साडेचारचं सूत्र म्हणतात त्याला. "मी त्या अर्ध्यातला," टोपीवाला म्हणाला आणि हसला.

मला माझी पडवी आठवली. आमची आजी काही माणसांना खळ्यातच बसवून करवंटीत चहा ओतायची, वरून, हात न लागता. मी लहान होतो, पण बघितलंय. महाडचं चवदार तळं आमच्याच जिल्ह्यात, १९२७ ची गोष्ट, शाळेत धडा म्हणून पाठ केलेली.

आता जंजिरा कसा दाखवायचा. होडीवाल्याला आधीच बाजूला घेऊन सांगा की 'हबशी हबशी' करत बोट दाखवू नकोस. आणि कुरळे केस बघून "आमचे सिद्दी तुमचेच भाऊबंद" असं फेकू नका. मी तेही केलं होतं. हबशी हा शब्द हबशाचा, म्हणजे इथिओपियाकडचा. मलिक अंबर तिकडूनच आला. कर्नाटक-गुजरातच्या सिद्द्यांत मात्र बांटू मुलखातून आलेल्यांचं रक्त बरंच आहे. म्हणजे नातं लावायचंच तर केस बघून लागत नाही. दरवाज्यावरचा हत्ती धरलेला सिंह दाखवा, कलालबांगडी तोफ दाखवा, फोटो काढू द्या.

जेवणाचं फार नाही. हलाल चिकन, सुरमई, भात. ताटात केळं ठेवा, ती पोरं भाताबरोबर केळं खातात. पाचही जणांनी खाल्लं, तेव्हा तरी कुणाचं काही वेगळं दिसलं नाही. सोलकढी कुणालाच आवडली नाही.

ताटावर कुणी कुणाला खालचं बोललं तर न्यायाधीश व्हायला जाऊ नका, पण हसूही नका. आणि चष्मेवाल्याला एकदम राक्षस करू नका. पुण्यात या पाचही जणांना एकाच दिवशी एकाच घरमालकानं खोली नाकारली होती, "काळ्यांना देत नाही" म्हणून. हे मला चष्मेवाल्यानंच सांगितलं, भाताचा घास तसाच हातात धरून.

खोल्या आता मी वाटतो, त्यांचा पुढारी नाही. चिठ्ठ्या टाकतो, स्टीलच्या डब्यात, सगळ्यांसमोर. दुसऱ्या खेपेला ते पाचजण पुन्हा आले, तेव्हा पडवी चष्मेवाल्याला आली. रात्री साडेअकराला दार वाजवून म्हणाला, डास फार आहेत. कासवछाप लावून दिली.