क्वीन्स गॅम्बिटची एक्स्चेंज व्हेरिएशन: चालींमागचा बेत कसा समजून घ्यावा

क्वीन्स गॅम्बिट ही बुद्धिबळातली एक सुरुवात; तिच्या एक्स्चेंज प्रकारात सी आणि ई प्याद्यांची मारामारी लवकर होते. बुद्धिबळाचा पट मांडा आणि या चाली करा (× म्हणजे मारणे): १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी×डी५ ई×डी५. लवकरच काळा सी६ खेळून डी५ला आधार देतो. पुढच्या चाली पाठ करायची घाई नको.

आता बाकी मोहरी उचलून ठेवा, फक्त प्यादी राहू द्या. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन प्यादी (ए, बी), काळ्याची तीन (ए, बी, सी). पांढऱ्याला सीची उभी पट्टी अर्धी मोकळी (तिच्यावर स्वतःचे प्यादे नाही), काळ्याला ईची. दोघांचेही बेत इथूनच निघतात.

पांढऱ्याचे बी प्यादे बी४, बी५ असे सरकवा. जिथे आपली प्यादी कमी, तिथेच हल्ला! याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. बी५नंतर काळ्याकडे काय उरते, ते हाताने खेळून पाहाच. पांढऱ्याने सी६ मारले आणि काळ्याने बी प्याद्याने परत घेतले, तर सी६चे प्यादे मागे अडकते. त्याला जोर द्यायला प्यादे उरत नाही. काळ्याने स्वतःच बी५ मारले, तर डी५चे प्यादे एकाकी, शेजारी आधाराला प्यादे नाही. सी५ ढकलले, तर डी×सी५नंतर पुन्हा डी५च उघडे. म्हणूनच बी प्याद्याच्या पाठीशी पांढऱ्याचा हत्ती बी१वर येतो. उंट डी३ आणि वजीर सी२ ही जोडी काळ्याच्या उंटाला एफ५वर येऊ देत नाही आणि ई४वरही नजर ठेवते.

मग पट फिरवून काळ्याच्या बाजूने बसा. हत्ती ई८, घोडा ई४ आणि राजाच्या बाजूला चढाई, हा सरळ मार्ग. मला त्याहून सुंदर वाटतो तो दुसरा: बी४ला बी५नेच रोखायचे आणि घोडा डी७, बी६ असा सी४वर आणायचा. पांढऱ्याचे बी प्यादे पुढे गेलेले असल्याने बी३ खेळून त्याला हुसकता येत नाही, आणि सीची पट्टीही बंद होते. पांढऱ्याची ए४ची चाल मात्र सांभाळावी लागते.

शेवटी दोन डाव सावकाश खेळून पाहा. १९५०च्या डुब्रोव्हनिक बुद्धिबळ ऑलिंपियाडमधला लॅरी एव्हान्स विरुद्ध ओप्साल हा मायनॉरिटी अटॅकचा नमुना. १९५२च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत बोट्विनिक यांनी केरेस यांच्याविरुद्ध घोडा ई२वर ठेवला, एफ३ खेळले आणि ई४ रेटले. त्यामुळे पांढऱ्याचा घोडा एफ३वर दिसला तर आधी बी५चा विचार करा. ई२वर दिसला तर ई४ कधी येईल ते तपासा.