पावणेदोन हजार म्हणजे नेमके किती? धंद्यातल्या बोलण्यात या चुका टाळा

अंधेरीला आमचं पुठ्ठ्याचे खोके छापून देण्याचं छोटं युनिट आहे. दिवाळीच्या तोंडावर एका मिठाईवाल्या शेठचा फोन आला, "पावणेदोन हजार खोके, एक किलोवाले." फोन घेतला नव्या पोराने. मराठी घरातला, पण शाळा इंग्रजी माध्यमाची. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने सरळ हिशेब मांडला, दोन हजार आणि वर पाऊण, म्हणजे २,७५०. शेठना हवे होते १,७५०. जास्तीचे हजार खोके गळ्यात पडले, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत दुकानाचं नाव, म्हणजे दुसऱ्या कुणाला विकायचीही सोय नाही.

पोरावर ओरडून काय होणार? सव्वा, दीड, अडीच ही आमची बोली. त्याला ती कुणी शिकवलीच नव्हती. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्त्याण्णव'सोबत 'नव्वद सात' आलं, तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आता वाटतं, पंचिंग मशीनच्या खडखडाटात फोनवर एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक ओळखून दाखवा, मग बोलू.

तेव्हापासून आमच्याकडे आकडा सुटा करून परत म्हणतात, "एक-सात-पाच-शून्य, बरोबर ना शेठ?" आणि फोन ठेवताच तोच आकडा व्हॉट्सॲपवर अंकांत जातो. गिऱ्हाईक क्वचित वैतागतं. वैतागू दे. रेल्वेत एक स्टेशनमास्तर दुसऱ्याला लाइन मोकळी असल्याचं कळवतो, तेव्हा सोबत 'प्रायव्हेट नंबर', म्हणजे खात्रीसाठी त्याच्याकडच्या यादीतला एक आकडा, देतो आणि तो नोंदवला जातो. नुसत्या "हो, सोडा गाडी"वर तिथे काम चालत नाही.

दिवसांचा घोळ याहून वाईट. मुंबईत एकाच सौद्यात मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही भाषा फिरतात. आपला 'काल' फक्त मागचा. हिंदीतला 'कल' आणि गुजरातीतलं 'काले' मागे-पुढे दोन्हीकडे चालतं. क्रियापद असेल तर कळतं, पण "कल का माल" एवढ्याच मेसेजवरून टेम्पो पाठवायचा की गेलेल्या मालाचं चलन शोधायचं? आणि हिंदीला कशाला हसायचं, आपलं 'परवा'ही तसंच आहे. त्यामुळे वार आणि तारीख दोन्ही लिहा: 'गुरुवार, १६ तारीख, सकाळी ११ च्या आत'. दोन्ही जुळले नाहीत तर समोरचा आपोआप विचारतो.

"समजलं का?" हा प्रश्न तर मी बंदच केलाय. त्याचं उत्तर कायम "हो साहेब". त्या 'हो'चा अर्थ बहुतेक वेळा 'ऐकलं' किंवा 'आता जाऊ द्या' एवढाच असतो. त्याऐवजी विचारा, "आधी काय करणार, सांग बघू." गोम तिथेच सापडते. निळ्या टिकांचंही तेच. मेसेज उघडला इतकंच त्या सांगतात. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उघडला असेल तर पुढचं विसराच.

दोन-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज मात्र पाठवूच नका. पत्ता हमखास शेवटी येतो आणि ड्रायव्हर पहिल्या वीस सेकंदांतच गाडी काढतो.

एक बारीक गोष्ट राहिली. आपल्या मुंबईच्या हिंदीत 'तू' सहज निघून जातो. उत्तर प्रदेशातून आलेल्या वयस्कर ड्रायव्हरला तो टोचतो. तो तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी रस्ता बंद असला तरी आधी फोन करत नाही. आमच्याकडे एकाने असंच केलं. तीन दिवस 'आप' म्हटल्यावर त्याने आपणहून सांगितलं, गोदामाच्या मागच्या गेटमधून गाडी लवकर सुटते.