तालमूदच्या पानावर राशींचं घराणं कसं ओळखावं

तालमूद म्हणजे यहुदी धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथसंग्रह. त्याचं छापील पान पहिल्यांदा बघणारा गांगरतोच. मधोमध ठळक मजकूर, दोन्ही अंगांना वेगळ्या वळणाची बारीक अक्षरं, कडांना आणखी टिपा. आपल्याकडच्या जुन्या संस्कृत पोथ्यांत मूळ मध्ये आणि टीका वर-खाली अशी मांडणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तितकं परकं वाटणार नाही. पण इथे त्या दोन अंगांचं नातं रक्ताचं आहे. एकीकडे आजोबा, म्हणजे तालमूदचे भाष्यकार राशी, आणि दुसरीकडे त्यांच्याशी हुज्जत घालणारे मुलींचे मुलगे व त्यांचा शिष्यपरिवार. हिब्रू जेमतेम अक्षरओळखीपुरती येत असली तरी ही हुज्जत पानावर सापडते.

१. आधी माणसं लिहून घ्या

राशी म्हणजे रब्बी श्लोमो यित्झाकी. जन्म १०४०, मृत्यू ११०५, दोन्ही फ्रान्समधल्या त्र्वा गावी. शिक्षण जर्मनीतल्या माइन्झ आणि वर्म्सला. त्यांना मुलगा नव्हता, विद्या पुढे गेली ती मुलींच्या घरांतून. योखेवेदचं लग्न मेइर बेन श्मुएल यांच्याशी झालं. तिच्या मुलांपैकी दोन नावं पक्की लक्षात ठेवा: श्मुएल, म्हणजे रशबाम, आणि धाकटा याकोव, म्हणजे रब्बेनू ताम (मृत्यू ११७१). दुसरी मुलगी मिर्याम. तिचे पती येहूदा बेन नातान हे राशींचे शिष्यही होते.

२. योग्य पान उघडा

विल्ना (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) इथल्या रोम छापखान्यात १८८०च्या दशकात निघालेली आवृत्ती आजही प्रमाण मानतात. तिच्या पानांची चित्रं इंटरनेटवर फुकट मिळतात. मांडणी आणि पानांचे क्रमांक मात्र त्याहून जुने, १५२०च्या दशकात व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने रूढ केलेले. क्रमांक पानाला असतो आणि त्याच्या दोन बाजू अलेफ आणि बेत, म्हणजे हिब्रूतल्या पहिल्या दोन अक्षरांच्या. तालमूदमधला जवळजवळ प्रत्येक ग्रंथ दुसऱ्या पानापासून सुरू होतो, त्यामुळे पहिलं हरवलं असं समजू नका.

३. बाजू ओळखा

बांधणीकडचा स्तंभ राशींचा, बाहेरच्या कडेचा तोसाफोतचा, म्हणजे नातवंडांनी सुरू केलेल्या आणि पुढच्या पिढ्यांनी वाढवलेल्या पुरवणी-चर्चेचा. दोन्हींचं अक्षरवळण एकच असतं, त्याला ‘राशी लिपी’ म्हणतात. स्वतः राशी या वळणाने लिहीत नव्हते. मूळ आणि भाष्य वेगळं दिसावं म्हणून मुद्रकांनी स्पेनकडच्या यहुद्यांचं हस्ताक्षर खिळ्यांत घेतलं, इतकंच. या लिपीचा तक्ता समोर ठेवला की नेहमीच्या छापील अक्षरांशी जुळवणं जमू लागतं.

४. शब्द पकडा

राशी मुळातले दोन-तीन शब्द उचलतात, मग थोडक्यात अर्थ सांगतात आणि थांबतात. तेच शब्द मधल्या मजकुरात शोधा. कधी ते सरळ आपल्या काळच्या फ्रेंच बोलीतला शब्द हिब्रू अक्षरांत देतात. जुन्या फ्रेंचचे अभ्यासक आजही त्या शब्दांसाठी राशींकडे येतात.

५. भांडण शोधा

खरी मजा इथे आहे, म्हणून या पायरीवर घाई नको. तोसाफोतमध्ये ‘कुंत्रेस’ हा शब्द दिसला की समजा, राशींच्या भाष्याचा हवाला आला. त्यापाठोपाठ बहुधा ‘वे-काशे’ येतं, म्हणजे यात अडचण आहे. मग रेश आणि ताव ही दोन हिब्रू आद्याक्षरं शोधा. ती रब्बेनू ताम यांची. आजोबांबद्दलचा आदर आणि त्यांचा अर्थ नाकारणं, दोन्ही एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात.

हा वाद कागदावर थांबला नाही. दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे धर्मवचनं लिहिलेल्या चर्मपत्राची गुंडाळी, राशींच्या मते उभी लावायची, रब्बेनू ताम यांच्या मते आडवी. अश्केनाझींनी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांनी, ती तिरकी लावून दोघांचाही मान राखला. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडचे यहुदी, मात्र उभीच लावतात. अलिबाग-रेवदंड्याकडे एखाद्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरी गेलात तर चौकटीकडे जरूर बघा. प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या तेफिलीन नावाच्या चामडी डब्यांमधल्या धर्मग्रंथातल्या उताऱ्यांच्या क्रमावरूनही आजोबा-नातवाचं जमलं नाही. काही धर्मनिष्ठ लोक अजून दोन्ही प्रकारचे जोड बांधतात.

६. हात बदलतो ती पानं बघा

बावा बत्रा ग्रंथाचं २९वं पान, अलेफ बाजू. तिथे छापलेलं आहे की इथवर राशींचं भाष्य, इथून पुढे श्मुएल बेन मेइर यांचं. दोन-चार पानं पुढे चाळा. आजोबा एका ओळीत आटोपतील तिथे रशबाम ऐसपैस लिहितात. बावा बत्रा पानांच्या हिशेबाने तालमूदमधला सर्वांत मोठा ग्रंथ आहे (शेवटचं पान १७६वं), त्याला हेही एक कारण.

मग माक्कोत ग्रंथाचं १९वं पान, बेत बाजू. आमच्या गुरूंचा देह पवित्र होता आणि आत्मा पवित्रपणे निघून गेला, त्यांनी पुढे लिहिलं नाही, इथून त्यांच्या शिष्याचे शब्द, अशी नोंद तिथे आहे. शिष्य म्हणजे जावई येहूदा बेन नातान.

७. हिब्रू नकोच असेल तर

बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायातल्या दुसऱ्या वचनावरचं रशबाम यांचं भाष्य इंग्रजीत वाचा. आजोबांशी झालेली चर्चा त्यांनी तिथे नोंदवली आहे. वेळ मिळाला असता तर रोज नव्याने उलगडणाऱ्या सरळ अर्थांनुसार वेगळी भाष्यं लिहावी लागली असती, असं राशींनी नातवाजवळ कबूल केलं होतं. त्याच वचनावरचं राशींचं भाष्यही शेजारी उघडून ठेवा.