घरी बांधलेल्या डमी लोडमधलं ऑसिलेशन कसं थांबवायचं

पहिला डमी लोड (बॅटरी किंवा पॉवर सप्लाय तपासायला ठरावीक करंट खेचणारं सर्किट) बहुतेक जण एलएम३५८ ऑप-अॅम्प, आयआरएफझेड४४एन मॉस्फेट आणि करंट मोजणारा ०.१ ओहमचा सेन्स रेझिस्टर घेऊन बांधतात. मल्टिमीटरवर १ अँपिअर दिसला की सर्किट जमलं असं वाटतं. पण मीटर सरासरी दाखवतो. करंट शून्य ते २ अँपिअरमध्ये हेलकावत असला, म्हणजे ऑसिलेशन होत असलं, तरी आकडा १च येतो. वायरला हात लावल्यावर रीडिंग बदलत असेल, तर संशय घ्या आणि ऑसिलोस्कोप लावा. प्रोब १०एक्सवर ठेवा, ग्राउंडची लांब क्लिप काढून छोटी स्प्रिंग बसवा आणि थेट सेन्स रेझिस्टरच्या दोन पायांवर बघा.

मूळ अडचण उशिराची आहे. या मॉस्फेटच्या गेटची (कंट्रोलच्या पायाची) कपॅसिटन्स सुमारे १५०० पिकोफॅरड असते. ऑप-अॅम्पला ती भरायला वेळ लागतो, त्यामुळे फीडबॅक मागे पडतो. ऑप-अॅम्पचा स्वतःचा फेज लॅग (सिग्नल मागे पडणं) त्यात मिळाला, की चूक सुधारणारा फीडबॅकच ती वाढवू लागतो. करंट वाढला की मॉस्फेटचा गेनही वाढतो, म्हणून ०.२ अँपिअरला शांत असलेलं सर्किट २ अँपिअरला बिघडू शकतं.

इथे बरेच जण गेट ते ग्राउंड १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावतात. कृपया लावू नका. त्याने उशीर आणखी वाढतो.

उपाय ऑप-अॅम्पच्या भोवतीच करायचा. सेन्स रेझिस्टरची वरची बाजू पिन २ला (इन्व्हर्टिंग इनपुट) थेट न जोडता १० किलोओहममधून जोडा. पिन १ (आउटपुट) आणि पिन २ यांच्यामध्ये १ नॅनोफॅरड लावा. पिन १ ते गेट १०० ओहम, आणि तो मॉस्फेटच्या पायाला अगदी चिकटून सोल्डर करा. कपॅसिटर मात्र पिन १वरूनच घ्यायचा, १०० ओहमच्या पलीकडून गेटवरून नाही. तिथून घेतला तर गेटचा उशीर पुन्हा त्याच्या वाटेत येतो. आता जास्त फ्रिक्वेन्सीचा फीडबॅक मॉस्फेटला वळसा घालून कपॅसिटरमधूनच परततो. १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरड म्हणजे १० मायक्रोसेकंद, साधारण १६ किलोहर्ट्झ. एलएम३५८ला हे सहज झेपतं. सप्लायच्या पिन ८ आणि ४ यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरड हवाच.

सेन्स रेझिस्टरकडे विशेष लक्ष द्या. पांढरे सिमेंटचे रेझिस्टर तारेच्या वेटोळ्यांचे असतात. फक्त १०० नॅनोहेन्री इंडक्टन्स असली तरी १६० किलोहर्ट्झला तिचा अडथळा ०.१ ओहम, म्हणजे रेझिस्टरइतकाच होतो. त्याऐवजी १ ओहमचे, पाव वॉटचे दहा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ते मिळतात. ३ अँपिअरला एकूण ०.९ वॉट उष्णता होते, तेवढी ते सोसतात. करंट सेट करणाऱ्या पॉटचं (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरचं) ग्राउंड थेट या रेझिस्टरच्या खालच्या टोकाला आणा, जाड वायरच्या दुसऱ्या टोकाला नको.

लोडच्या वायरी आखूड ठेवा, एकमेकींत पिळा. लोडच्या दोन टर्मिनलांमध्ये १ ओहम आणि १ मायक्रोफॅरड फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये लावले तर वायरींच्या इंडक्टन्सचं रिंगिंग दबतं.

चाचणीसाठी पिन ३ला (करंट ठरवणारा इनपुट) १०० हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह द्या: ५० ते १०० मिलिव्होल्ट, म्हणजे ०.५ ते १ अँपिअर. शून्यापासून सुरुवात करू नका. शून्यावर ऑप-अॅम्पचं आउटपुट पार खाली बसतं, पुन्हा गेटच्या थ्रेशोल्डपर्यंत (मॉस्फेट चालू व्हायला लागतो त्या व्होल्टेजपर्यंत) चढताना उसळी येते आणि ती ऑसिलेशन वाटते. कडेवर एखादी छोटी लाट चालेल. तीन-चार दिसल्या तर कपॅसिटर २.२, मग ४.७ नॅनोफॅरड करा. सर्किट संथ होईल. बॅटरीची क्षमता मोजायला त्याने काही बिघडत नाही, पॉवर सप्लायचा ट्रान्झियंट (लोड अचानक बदलल्यावरचा प्रतिसाद) तपासायचा असेल तर मात्र फरक पडतो. हीच चाचणी ड्रेनवर (मॉस्फेटच्या लोडकडच्या पायावर) २-३ व्होल्ट ठेवूनही करा, कारण कमी व्होल्टेजला मॉस्फेटच्या आतल्या कपॅसिटन्स वाढतात.

दोन मॉस्फेट समांतर हवे असतील तर गेट एकत्र बांधू नका. थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो, त्यामुळे एकच जण सगळा भार घेतो. एलएम३५८चा दुसरा अर्धा भाग दुसऱ्या मॉस्फेटला द्या. सेन्स रेझिस्टर, १०० ओहम आणि कपॅसिटरही वेगळे, आणि स्कोपवर दोन्ही स्वतंत्रपणे तपासा.